साठाव्या पानानंतर

१

ईस्टरच्या गुरुवारी सकाळी साडेदहाला ओडनीच्या डोंगरघरातल्या फळीवर एक फट सापडली. दोन बोटं रुंद. वही क्रमांक दोन आणि वही क्रमांक चार यांच्या मधोमध.

आमच्या खोऱ्यात डोंगरघरातून टीव्ही चोरीला गेला तर लोक हळहळतात. वही गेली तर टोपी काढतात. घरात राहिलेल्या प्रत्येकाने वहीत लिहायचं असतं: तारीख, वारा, बर्फ किती, स्कीला कुठलं मेण लावलं, कोण आलं, कोण गेलं, उंदीर किती सापडले. माझे सासरे आमच्या ओसरीवर वारले, त्याचीही नोंद आमच्या वहीत आहे. वारा आणि बर्फ यांच्या खाली, उंदरांच्या वर.

"सिग्वार्त, तुझे डोळे बरे आहेत. तू बघ," ओडनी म्हणाली.

मी शेजारच्या घरातून वेलचीचे पाव द्यायला आलो होतो. बघितलं. फटच होती.

"तुझ्या लेकीने हलवली असेल."

"वेंके नाही म्हणते."

"उंदीर?"

"उंदीर तुकड्यातुकड्यांनी नेतात. आख्खी वही काढून बाकीच्या सरळ लावून ठेवायची शिस्त त्यांना नाही."

ओडनी एकोणऐंशी वर्षांची. खुबा नवा, डोळे जुने. खुब्यापायी तीन हिवाळे तिला डोंगरावर येता आलं नव्हतं. यंदा वेंकेने तिला स्नो-स्कूटरच्या मागच्या घसरगाडीत बांधून वर आणलं, ते या एका वहीसाठी.

तिसऱ्या वहीत तिच्या नवऱ्याची, टोरलाइफची, रहस्यकथा होती. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही सगळेच खून वाचतो, टोरलाइफ लिहायचा. वर्षाला एक प्रकरण. गुड फ्रायडेला ते मोठ्याने वाचून दाखवायचा आणि पुढच्यासाठी सगळ्यांना वर्षभर ताटकळत ठेवायचा. अशी सात प्रकरणं झाली. आठव्यात खुनी कळणार होता. त्या ईस्टरच्या तीन आठवडे आधी टोरलाइफ गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली. वहीतली उरलेली कोरी पानं ओडनीने तशीच ठेवली आणि वही क्रमांक चार सुरू केली.

"जाताना तेवढं तरी सांगून जायचं की नाही?" ती म्हणाली. "मी विचारलं होतं रे, हॉस्पिटलात. म्हणाला, सगळं लिहिलंय, नीट वाच. आता डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, पानगळीपर्यंत अक्षरं दिसायची थांबतील. अजून भिंगाने जमतं. एकदा पहिल्यापासून सलग वाचणार होते. खुनी कोण ते कळू दे, मग जाऊ देत डोळे."

"तुझा संशय कुणावर?"

"डॉक्टर सोडून कुणावरही," ती ताडकन म्हणाली. "डॉक्टर सभ्य माणूस आहे."

सांत्वन करण्यात मी कच्चा आहे, म्हणून विषय बदलला. खोऱ्यातल्या वर्तमानपत्रात मी ईस्टरच्या रहस्यकथांची परीक्षणं लिहितो. एकोणतीस वर्षं झाली, अजून कुणी थांबवलं नाही. यंदा वाट्याला आलं होतं 'चौथी थाळी'. लेखक एलीफ, राजधानीतला, चारशे बारा पानं, दुकानांच्या काचा त्याच्याच फोटोंनी भरलेल्या.

"सुरुवात काय झकास आहे सांगू?" मी म्हणालो. "गुड फ्रायडे. डोंगरघर. टेबलावर चौघांची मांडामांड, आणि यजमान खुर्चीत मेलेला, डोक्यात ओंडका. तीन पाहुणे यायचे होते: डॉक्टर, पुतण्या आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. तिघंही म्हणतात, आम्ही आज सकाळीच आलो. खून आदल्या रात्रीचा. पण पाहुण्यांच्या तीन थाळ्यांपैकी एक..."

"एक वापरलेली," ओडनी म्हणाली. "तिच्यात संत्र्याची सालं. आणि मेलेल्याला तर संत्र्याने अंगावर पित्त उठायचं."

माझ्या हातातला पाव कॉफीत पडला. पुस्तक बाजारात येऊन नऊ दिवस झाले होते. ओडनीने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

२

मी धावत घरी आलो. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचे गुन्हे वाचून काढले; खरा गुन्हा पहिल्यांदाच शेजारी घडला होता. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी माझे कान तापले होते.

माझी बायको गुनवोर गावच्या ग्रंथालयात आहे. ती कुठलंही पुस्तक शेवटाकडून वाचायला घेते. लग्नाआधीही तिने माझ्या वडिलांना तासभर निरखून पाहिलं होतं.

"दे इकडे," ती म्हणाली, आणि दोन तासांत 'चौथी थाळी' संपवली.

मला चार दिवस लागले होते. त्यात माझा दोष नाही. पहिली साठ पानं मी श्वास रोखून वाचली. एकसष्टाव्या पानावर इन्स्पेक्टर घटस्फोट घेतो. एकशे ऐंशीपर्यंत तो घेतच असतो. मग तो मासे धरायला जातो. मासे मिळत नाहीत. दोनशे चाळीसला बर्फ पडतो, तीनशे दहाला वितळतो. आणि तीनशे नव्वदाव्या पानावर मेलेल्याचा सावत्र भाऊ बोटीतून उतरून गुन्हा कबूल करतो. या भावाचं नाव त्याआधी एकदाही आलेलं नसतं. मी चार दिवस त्या पुस्तकाबरोबर झोपलो, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे.

"पहिली साठ पानं लिहिणाऱ्याला खुनी माहीत आहे," गुनवोर म्हणाली. "पुढची लिहिणाऱ्याला नाही."

"कशावरून?"

"हे बघ. पुतण्याचा फुटलेला चष्मा. ऑर्गनवाल्याचे थरथरते हात. डॉक्टरचा हिरवा मफलर, भिंतीला टेकवलेल्या त्याच्या स्की, तळाला निळं मेण. गुरुवार दुपारपासून छपरावरून टपटपणारं पाणी. वस्तू न् वस्तू हाताने उचलून जागेवर ठेवली आहे. एकसष्टपासून पुढे त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणजे एकाने भाज्या चिरल्या, मसाला वाटला, पातेलं चुलीवर चढवलं. आणि दुसऱ्याने येऊन पाव वाढला."

"म्हणजे एलीफने ढापलं!"

"एलीफने वही वाचली, इतकंच कळतं. वही उचलली कुणी, ते नाही कळत. तो त्या घरात होता कधी?"

दोन हिवाळ्यांमागे, फेब्रुवारीत. लिहायला एकांत हवा म्हणून त्याने ओडनीचं घर चौदा दिवस भाड्याने घेतलं होतं. त्याशिवाय किल्ली दोघांकडेच: घराची देखभाल करणारा ओडनीचा भाऊ हालगेर, आणि वेंके.

"तिघं संशयित," मी हात चोळत म्हणालो.

"आणि दोघं घरचेच," गुनवोर म्हणाली. "हात चोळू नकोस."

३

गुड फ्रायडेला हालगेर आमच्याच दारात सापडला. तो आळीतल्या सगळ्यांच्या स्कींना मेण लावून देतो, कुणी सांगितलं नाही तरी. बोटं क्लिस्टरने बरबटलेली. क्लिस्टर म्हणजे ट्यूबमधला तो चिकटा, पाणावलेल्या बर्फासाठी.

"हे काय लावलं होतंस रे?" तो माझ्या स्कीचा तळ दाखवत ओरडला. "निळं? या उन्हात? परीक्षणं लिहून लिहून डोकं गेलं का? निळं कडाक्याच्या थंडीचं. आज त्याच्यावर चढ चढायला गेलास तर घसरत घसरत संध्याकाळी खाली स्टेशनात सापडशील."

"मागच्या आठवड्याचं आहे ते," मी पुटपुटलो.

"हालगेर, तुला टोरलाइफची गोष्ट आवडायची का?" गुनवोरने विचारलं.

त्याचा हात थांबला. "मेहुण्यांनी मला सांगितलं, तुला गोष्टीत घालतो. मी खूश. आणि घातलं ते कशात? ऑर्गनवाला! थरथरत्या हातांचा! चार वर्षं सगळा गाव माझ्या हातांकडे बघत होता. हे बघ, थरथरतात?"

"म्हणून वही जाळलीस?"

हालगेरने ट्यूबचं झाकण लावलं, ट्यूब खिशात ठेवली आणि मग बोलला. "गुनवोर, रागाच्या भरात मी एखाद्याचं डोकं फोडीन. पण वही जाळायची? मी काय जनावर आहे?"

वेंके मात्र पहिल्याच प्रश्नाला रडली.

"दोन वर्षांमागे वसंतात मी तीन खोके भरून खाली नेले," ती म्हणाली. "शाळेच्या बँडच्या जुन्या बाजारासाठी. वरच्या फळीवरची पुस्तकं होती. वह्या मी मोजल्या नाहीत गं. आईला सांगू नकोस."

माझा उत्साह सांडला. वही जुन्या बाजारात गेली असेल तर ती कुणीही उचलली असेल. एलीफनेसुद्धा, चारचौघांसारखी, दोन वॉफल खाऊन.

"त्या बाजारातली पुस्तकं टेबलावर मांडतं कोण?" गुनवोरने मला विचारलं.

"कोण?"

"मी. गेली सोळा वर्षं. हाताने लिहिलेली वही माझ्या नजरेतून सुटली असती का?"

मग तिने ओडनीच्या फळीवरून वही क्रमांक चार काढली आणि दोन हिवाळ्यांमागचा फेब्रुवारी उघडला. हालगेरचं अक्षर: 'भाडेकरूला किल्ली दिली. उणे चौदा. निळं मेण.' त्याखाली दोन आठवड्यांनी, पुन्हा हालगेर: 'भाडेकरू गेला. लाकडं नीट रचून ठेवली आहेत. उंदीर एक.'

मध्ये काहीच नव्हतं.

"चौदा दिवस राहून एक ओळ नाही?" मला खरंच धक्का बसला.

"नदीकाठच्या घरात चोर शिरला होता, आठवतं? त्यानेसुद्धा लिहिलं होतं: वारा उत्तरेचा, माफ करा." गुनवोरने वही मिटली. "लाकडं रचून ठेवणारा माणूस वहीत लिहिल्याशिवाय दार ओढून घेत नाही, सिग्वार्त. एलीफने लिहिलं आहे. फक्त या वहीत नाही."

४

शनिवारी दुपारी डोंगरावरच्या वार्दे लॉजमध्ये एलीफचं जाहीर वाचन होतं. चाळीस माणसं, शेकोटी, संत्र्यांच्या सालांचा वास. ओडनीला हालगेरने रेनडियरच्या कातड्यात गुंडाळून आणलं आणि पहिल्या रांगेत ठेवलं. दाराशी स्कींची रांग लागली होती. फक्त एलीफच्या स्की नव्या धर्तीच्या, तळाला केसाळ पट्टा असलेल्या; त्यांना मेण लागतच नाही.

एलीफ दोनशे बाराव्या पानावर होता. मासे अजून मिळाले नव्हते. तिसऱ्या रांगेत कुणीतरी घोरत होतं आणि कुणीच त्याला ढोसत नव्हतं, कारण लय चांगली जमली होती.

"काही प्रश्न?" एलीफने शेवटी विचारलं. चव्वेचाळीस वर्षांचा, मऊ आवाजाचा, विरळ दाढीचा माणूस.

गुनवोर उभी राहिली. "तू ओडनीच्या घरात चौदा दिवस होतास. बरं झालं, आता ओडनीच समोर आहे. ती जरा नाराज आहे. म्हणते, इतका मोठा लेखक राहून गेला आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाही. शहरातले लोक असेच, म्हणते."

एलीफच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"लिहिलं नाही?" तो म्हणाला. "मी? मी काय रानटी आहे? अर्थातच लिहिलं! वारा, बर्फ, सगळं..."

तो थांबला. तिसऱ्या रांगेतलं घोरणंही थांबलं.

"कुठल्या वहीत?" गुनवोरने विचारलं.

एलीफ हातातल्या पुस्तकाची पानं चाळू लागला.

"चार क्रमांकाच्या वहीत नाही," ती पुढे म्हणाली. "तू तिसरी वाचत बसला होतास. ती संपली, पुढे कोरं पान दिसलं, हात आपोआप गेला. तिथेच फसलास. पुढे पुस्तक लिहायला घेतलंस तेव्हा आठवलं, की आपण ती गोष्ट वाचल्याचा पुरावा आपल्याच अक्षरात तिथे पडला आहे. वही हरवावी असं वाटणारा माणूस जगात एकच. हालगेर नाही, वेंके नाही. तू."

"मग मी तेवढं पान फाडलं नसतं का?" एलीफ क्षीणपणे म्हणाला.

"पानाच्या मागच्या बाजूला सातव्या प्रकरणाचा शेवट असेल. ते फाडायला तुझा हात झाला नाही. जाळायलाही झाला नसेल. घरी ठेवावी तर बायको वाचेल. मग डोंगरघराची वही माणूस ठेवतो कुठे?"

ती शेकोटीशेजारच्या कपाटाकडे गेली. लॉजच्या पाहुण्यांच्या जुन्या वह्या तिथे असतात, पहिल्या दिवसापासूनच्या, त्रेसष्ट. गेल्या चाळीस वर्षांत कुणी त्यांना हात लावलेला नव्हता. गुनवोरने नुसतं बोट फिरवत नेलं. धूळ, धूळ, धूळ. खालच्या ओळीत एका कण्यावर धूळ नव्हती.

ती चौसष्टावी वही होती. कण्यावर टोरलाइफचा गोल तीन.

५

एलीफची नोंद सातव्या प्रकरणाच्या शेवटच्या पानाच्या पाठीवर होती. गुनवोरने ती वाचून दाखवली: "'सतरा फेब्रुवारी. वारा मंद. बर्फ एक मीटर तीस. सातही प्रकरणं एका बैठकीत वाचली. इतकं सुंदर फार दिवसांत काही वाचलेलं नाही. पण खुनी कोण? कुणीतरी सांगा. एलीफ.'"

"चोरायची नव्हती मला," एलीफ खुर्चीत बसत म्हणाला. "तेवढं एक कळायला हवं होतं. तिथेच सुचलं, ही गोष्ट मीच पुढे लिहीत गेलो तर सापडेल. परत येऊन वही घेऊन गेलो; किल्ली हालगेर बाहेर खिळ्याला लावतो, माहीत होतं. यंदा वाचनाला येताना ती इथे आणून ठेवली. साडेतीनशे पानं शोधत होतो."

"ते जाणवतं," मी म्हणालो.

"सिग्वार्त," गुनवोर म्हणाली.

ओडनीने वहीवरून हात फिरवला आणि ती परत गुनवोरच्या हातात दिली. "वाच. पहिल्यापासून. न थांबता."

गुनवोरने वाचायला सुरुवात केली. पाच ईस्टर तिने तासाभरात वाचले. चाळीस माणसं पुढे झुकून ऐकत होती. कुणी संत्रंसुद्धा सोललं नाही. दुसऱ्या प्रकरणात डॉक्टर पायरीवर बसून बाकीच्या दोघांची वाट बघत होता: 'मी सकाळच्या पहिल्या गाडीने आलो, चढ चढून.' मफलर हिरवा, भिंतीशी स्की, निळं मेण. तिसऱ्यात चष्मा. चौथ्यात थरथरते हात. हालगेरने स्वतःचे खिशात घातले. पाचव्यात पुतण्या म्हणत होता, काल दुपारपासून छपरावरून पाणी टपटपतंय, बर्फाचा नुसता लगदा झालाय.

"थांब," ओडनी म्हणाली.

गुनवोर थांबली.

"मेण कुठलं म्हणालीस?"

"निळं."

"आणि पाणी टपटपतंय गुरुवार दुपारपासून." ओडनी सरळ बसली. "मग शुक्रवारी सकाळी तो चढ निळ्या मेणावर चढला कसा?"

हालगेर ताडकन उभा राहिला. "अरे देवा! निळं!"

खोलीभर एक कण्हणं पसरलं. निळं मेण थंडीचं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला वयाच्या चौथ्या वर्षापासून माहीत होतं. मलाही. कालच माझ्या दारात हालगेरने तेच मला ओरडून सांगितलं होतं. पण टोरलाइफ गोष्ट वाचायचा तेव्हा दुसरं आणि पाचवं प्रकरण यांच्यात तीन वर्षं गेलेली असायची. तीन वर्षं कोण मेण लक्षात ठेवतं? आणि पुस्तकात सलग आलं तर पुढे लगेच तो घटस्फोट.

"चढलाच नाही तो," ओडनी म्हणाली. "थंडी होती तेव्हाच आला, गुरुवारी दुपारच्या आधी. घरातच होता. गुरुवारी रात्री यजमानाबरोबर जेवला, संत्रं खाल्लं, आणि त्याला मारलं. सकाळी पायरीवर बसून म्हणाला, आत्ता आलो. स्कीचा तळ खरवडायला विसरला."

"पण मेणाचं काय एवढं?" एलीफने विचारलं.

चाळीस माणसांनी दाराशी ठेवलेल्या त्याच्या केसाळ स्कींकडे पाहिलं. इतकी दया मी आमच्या खोऱ्यात आधी पाहिली नव्हती.

ओडनीचं मात्र लक्ष नव्हतं. "डॉक्टर," ती स्वतःशी म्हणाली. "हिरवा मफलर."

"काय गं आई?" वेंकेने विचारलं.

"मी विणला होता. लग्नाआधी. खऱ्या डॉक्टरला, आपल्या गावच्या. एकदाच नाचले होते त्याच्याबरोबर, उन्हाळ्याच्या जत्रेत. टोरलाइफ त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. पंचेचाळीस वर्षांत नाही."

"बोलला की," गुनवोर म्हणाली. "सात वर्षं बोलत होता."

"आणि मी दर ईस्टरला काय म्हणायचे? डॉक्टर सभ्य माणूस आहे!" ओडनी हसायला लागली. हसता हसता तिने चष्मा काढून कातड्याच्या कडेने डोळे पुसले. "गाढव कुठला. तोंडाने विचारलं असतं तर सांगितलं असतं ना. नाचताना डॉक्टरने तीनदा माझ्या पायावर पाय दिला. त्याच दिवशी मी ठरवलं, टोरलाइफलाच हो म्हणायचं."

एलीफ उठून तिच्यासमोर आला. "प्रकाशकाला आजच फोन करतो. पुस्तकावर टोरलाइफचं नाव येईल."

"पहिल्या साठ पानांवर घाल," ओडनी म्हणाली. "पुढची तुझी तुलाच राहू देत. बस इथे, पेन घे. मला आता ओळी दिसत नाहीत. आठवं प्रकरण आहे, नीट लिही."

तो वही मांडीवर घेऊन बसला. तिने सांगितलं, त्याने लिहिलं.

'शनिवार. वारा नाही. बर्फ एक मीटर दहा. मेण क्लिस्टर. हजर चाळीस. उंदीर नाही. खुनी डॉक्टर.'

"आणखी काही?" एलीफने विचारलं.

ओडनीने थोडा विचार केला.

"लिही," ती म्हणाली. "टोरलाइफ, नीट वाचलं."